दिव्यांग व्यक्तीसाठी साधन तयार करताना : मराठवाड्यातील विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शिका

अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि तंत्रनिकेतनांत अंतिम वर्षाच्या प्रकल्पांची यादी लागते, तेव्हा तिच्यात अंध व्यक्तींसाठीची ‘स्मार्ट काठी’ हमखास असते. ती परीक्षकांसमोर व्यवस्थित वाजते, तिचे छायाचित्र निघते आणि जून उजाडेपर्यंत ती प्रयोगशाळेच्या कपाटात जाते. विद्यार्थ्यांच्या अशा अनेक गटांना मार्गदर्शन केल्यानंतर माझी एक कसोटी ठरून गेली आहे. ज्या व्यक्तीसाठी साधन केले तिच्या घरात ते वर्षभरानंतरही वापरात असले पाहिजे, आणि मोडले तर गावातल्या वेल्डरला किंवा सायकल दुकानदाराला दुरुस्त करता आले पाहिजे. या कसोटीला उतरेल असे साधन कसे करावे, हे पुढे लिहिले आहे.

व्यक्ती आधी शोधावी, विषय नंतर लिहावा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत; त्याआधीच्या १९९५ च्या कायद्यात ते सात होते. या प्रत्येक प्रकारातही दोन माणसांची गरज सारखी नसते, म्हणून ‘अस्थिव्यंग असलेल्यांसाठी उपकरण’ असा विषय कागदावर लिहून सुरुवात करू नये. एक व्यक्ती, तिचे एक घर आणि तिचे एक काम, एवढेच आधी ठरवावे.

अशी व्यक्ती शोधण्यासाठी लांब जावे लागत नाही. तालुक्याच्या गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांना दिव्यांग मुलांची घरे माहीत असतात, जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात लहान मुलांसोबत काम करणारे फिजिओथेरपिस्ट भेटतात, आणि गावातील आशाताईंना कोणत्या वाड्यावर कोण अंथरुणाला खिळून आहे हे तोंडपाठ असते. यांपैकी कोणाला तरी सोबत घेऊनच पहिल्यांदा घरी जावे, कारण अनोळखी सहा तरुण दारात उभे राहिले की घरच्यांना एखादी शासकीय योजना मिळणार असे वाटते आणि नंतर त्यांचा विरस होतो. आपण विद्यार्थी आहोत, आपल्याकडे पैसे नाहीत, आपण एखादी वस्तू करून पाहणार आहोत आणि ती कदाचित जमणारही नाही, हे पहिल्याच भेटीत स्वच्छ शब्दांत सांगावे.

पहिल्या भेटीत सेन्सर, टेप किंवा लॅपटॉप बाहेर काढू नये. ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांच्याशीच बोलावे. मुलगा किंवा सून शेजारी बसून उत्तरे देत असली तरी प्रश्न मात्र त्या व्यक्तीकडे पाहूनच विचारावा. ‘तुम्हाला काय अडचण आहे?’ या प्रश्नाला बहुधा ‘काय सांगावं बाबा’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी ‘सकाळी उठल्यापासून कोणत्या कामासाठी कोणाला हाक मारावी लागते, आणि त्यातली कोणती हाक मारायला नको वाटते?’ असे विचारले की खरी गोष्ट बाहेर येते. ती बहुधा न्हाणीची, शौचाला जाण्याची, जेवण्याची किंवा अंगावरचे कपडे नीट करण्याची असते. रस्ता ओलांडण्याचा क्रमांक बराच मागे लागतो.

वेळापत्रकाबद्दल एक गोष्ट मराठवाड्यात, विशेषतः बीड जिल्ह्यात, विसरून चालत नाही. ऊसतोडणीला जाणारी कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर गाव सोडतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. नेमका याच काळात आपला प्रकल्प रंगात असतो. एका गटाने ऑगस्टमध्ये मापे घेतली, जानेवारीत साधन तयार केले, आणि ते घेऊन गेले तेव्हा घराला कुलूप होते. तेव्हा ज्या घरी जायचे त्या घराचे वर्ष कसे चालते, हे आधी विचारून मगच तारखा ठरवाव्यात. तसेच आपल्या चाचणीसाठी कोणाचा रोज बुडत असेल, तर त्या दिवसाची मजुरी आणि प्रवासखर्च प्रकल्पाच्या खर्चात धरावा. छायाचित्र काढण्यापूर्वी परवानगी घ्यावी, आणि ते कोठे लावले जाणार हेही सांगावे.

काय करू नये

जे साधन शासनाकडून किंवा बाजारात मिळते ते पुन्हा करण्यात वर्ष घालवू नये. कानपूरच्या एलिम्को या केंद्र सरकारच्या संस्थेकडून कुबड्या, तीनचाकी सायकली, चाकाच्या खुर्च्या, श्रवणयंत्रे तयार होतात आणि एडिप योजनेच्या शिबिरांतून पात्र व्यक्तींना दिली जातात. आधी चौकशी करावी. दिव्यांगांना मिळणारे वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) नसेल तर ते काढून देण्यात केलेली मदत कधी कधी संपूर्ण प्रकल्पापेक्षा अधिक उपयोगाची ठरते. मिळालेले साधन पडून असेल, तर ते का पडून आहे हे पाहावे. तीनचाकी सायकलीचा छर्रा गेलेला असतो, कुबडीचा रबरी बूट झिजलेला असतो, खुर्चीचे पायठाण तुटलेले असते. अशी दुरुस्ती आणि त्या घराला अनुरूप फेरफार हा पूर्ण दर्जाचा अभियांत्रिकी प्रकल्प आहे असे माझे ठाम मत आहे, आणि मार्गदर्शक शिक्षकांनी त्याला कमी गुण देऊ नयेत.

काही गोष्टींना विद्यार्थ्यांनी स्वतःहून हात लावू नये. कृत्रिम पायाचा सॉकेट म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो भाग, मणक्याचा पट्टा, वाढत्या वयाच्या मुलाच्या पायाला आधार देणारे कॅलिपर, कानात बसवायचे काहीही, आणि गिळण्यास त्रास असलेल्या व्यक्तीला भरवण्याचे यंत्र, ही कामे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या तज्ज्ञांची आणि डॉक्टरांची आहेत. चुकीच्या जागी पडलेला दाब त्वचा फाडतो, सांधा वाकवतो आणि ते नुकसान कित्येकदा भरून येत नाही.

काठीला सेन्सर लावायचाच असेल तर

पांढरी काठी जमिनीची भाषा हाताला सांगते. खडी, माती, शहाबादी फरशी, पायरीची कड, नालीचा काठ हे सर्व तिच्या टोकातून कळते, आणि हे काम कोणताही स्वस्त सेन्सर तिच्याइतके चांगले करत नाही. काठीला जे कळत नाही ते कमरेच्या वरचे असते : छपराच्या पत्र्याची बाहेर आलेली कड, अंगणात बांधलेली कपड्यांची दोरी, गल्लीत उभ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचा पुढे आलेला भाग. दिल्लीच्या आयआयटीत विकसित झालेली आणि २०१४ मध्ये बाजारात आलेली ‘स्मार्टकेन’ नेमके हेच करते. ती काठीच्या मुठीवर बसते आणि गुडघ्याच्या वरचे अडथळे कंपनाने कळवते. विद्यार्थ्यांनी काही करायचे तर याच दिशेने करावे आणि खड्डे ओळखण्याचा दावा करू नये.

प्रयोगशाळेत सर्रास मिळणारा एचसी-एसआर०४ हा सेन्सर ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडून प्रतिध्वनीचा वेळ मोजतो आणि २ ते ४०० सेंटिमीटरपर्यंतचे अंतर सांगतो, असे त्याच्या माहितीपत्रकात असते. प्रत्यक्षात तिरक्या भिंतीवरून लहर भलतीकडे निघून जाते, आणि गोधडी किंवा साडीसारख्या मऊ कापडावर ती शोषली जाते. म्हणजे समोर उभा असलेला माणूस कधी कधी ‘दिसत’ नाही. हे दोष त्या गल्लीत जाऊन तपासावेत, वर्गातल्या भिंतीसमोर तपासू नयेत. तो ईएसपी३२ या नियंत्रक बोर्डाला जोडताना, प्रतिध्वनीचा संकेत देणाऱ्या एको पिनवरचे ५ व्होल्ट दोन रोध (रेझिस्टर) वापरून ३.३ व्होल्टपर्यंत खाली आणावेत. तापमानानुसार ध्वनीचा वेग बदलतो हे खरे आहे. २० अंशांना तो सेकंदाला ३४३ मीटर, तर ४० अंशांना सुमारे ३५५ मीटर असतो. परंतु एक मीटर अंतरावर त्यामुळे पडणारा फरक तीन-चार सेंटिमीटरचाच आहे आणि चालणाऱ्या माणसाला तो जाणवत नाही, म्हणून अहवालाची पाने त्यावर खर्च करू नयेत. इशारा मात्र आवाजाने देऊ नये, हे महत्त्वाचे आहे. ज्याचे जग कानावर चालते त्याच्या कानाशी बझर वाजवणे म्हणजे त्याची उरलेली वाट बंद करणे होय. मोबाईलमध्ये असते तशी छोटी कंपन-मोटर मुठीत बसवावी आणि अंतर कमी होईल तशी कंपने जवळजवळ येतील अशी रचना करावी.

एक पाट, जवळून पाहिलेला

माझ्या विद्यार्थ्यांनी केलेल्या साधनांपैकी सर्वांत जास्त वापरले गेलेले साधन म्हणजे भाजी चिरण्याचा एक पाट आहे. अर्धांगवायूने उजवा हात आणि पाय दुबळा झालेल्या एका मावशींना घरात बसून राहणे सोसत नव्हते. ‘दोन घास खाते तर दोन कांदे तरी चिरू द्या मला,’ असे त्या म्हणाल्या. विळी पायाखाली दाबून दोन्ही हातांनी चालवावी लागते, आणि त्यांच्याकडे एक पाय आणि एक हात एवढेच होते.

पहिला नमुना ओट्यावर ठेवण्यासाठी केला होता. मावशी ओट्यापाशी कधीच उभ्या राहत नाहीत, त्या चुलीजवळ बसतात, हे कोणी पाहिलेच नव्हते. शिवाय पक्षाघातानंतर जमिनीवरून उठणे त्यांना जड जात होते, म्हणून अखेर सुमारे सव्वा फूट उंचीच्या स्टुलावर त्यांनी बसायचे आणि तेवढ्याच उंचीच्या दुसऱ्या स्टुलावर पाट ठेवायचा असे ठरले. पहिल्या पाटाला एकच खिळा होता. कांदा त्यावर टोचला की सुरी लागताच गरकन फिरत असे. तीन खिळे त्रिकोणात ठोकल्यावर तो थांबला. खिळे साध्या लोखंडाचे होते, ते चौथ्या दिवशी गंजले आणि कांदा काळा पडू लागला, म्हणून स्टेनलेस स्टीलचे घेतले. पाट प्लायवूडचा होता, तो धुण्याने फुगला. मग सुताराकडून सागाची फळी घेतली. दोन बाजूंना अर्धा इंच उंचीची पट्टी कोपऱ्यात मारली, तिला भाकरी टेकवून एका हाताने तिच्यावर ठेचा लावता येऊ लागला. फळी सरकू नये म्हणून खाली रबरी चकत्या लावल्या होत्या, पण ओले फडके त्याहून चांगले धरते हे मावशींनीच दाखवून दिले. सुरीऐवजी लोहाराकडून दोन्ही टोके वर वळवलेले, डुलवत दाबायचे पाते करून घेतले. त्यामुळे बोटांची ताकद कमी लागते. वापर झाल्यावर खिळे उघडे राहू नयेत, नातवंडांना लागू नये, म्हणून त्यांच्यावर बसेल असा लाकडी ठोकळा दोरीने पाटालाच बांधला.

या पाटाची चार रूपे झाली आणि त्यांतले एकही बदल वर्गात बसून सुचलेले नव्हते. प्रत्येक गटाने किमान तीन नमुने गृहीत धरूनच वेळ आखावा : पहिला पुठ्ठ्याचा किंवा थर्माकोलचा, दुसरा पीव्हीसी पाईप, निवारपट्टी, सुतळी यांनी जुळवलेला, आणि मग खरा.

जेवणाच्या साधनांबाबतही असेच निरीक्षण लागते. उजवा हात गेलेल्या एका आजोबांना डाव्या हाताने जेवता येत होते, पण पाहुण्यांसमोर डाव्या हाताने घास घेणे त्यांना अपमानाचे वाटत होते. उजव्या हाताला थोडी पकड शिल्लक होती. तीन-साडेतीन सेंटिमीटर जाडीची, वातानुकूलन यंत्राच्या नळीवर असते त्या काळ्या फोमची मूठ चमच्यावर चढवली, चमच्याची मान आतल्या बाजूला वाकवली, आणि काला करून खाणे जमू लागले. पकड अजिबात नसेल तर तळव्याभोवती वेल्क्रोचा पट्टा आणि त्यात चमचा किंवा पेन खोचण्यासाठी शिवलेला कप्पा करता येतो. गल्लीतला शिंपी तो अर्ध्या तासात शिवून देतो.

मापे

मापे घेताना फिजिओथेरपिस्ट सोबत असावेत. काखेची कुबडी काखेपर्यंत पोहोचू नये; तिच्या वरच्या टोकात आणि काखेत दोन-तीन बोटे जागा असावी आणि शरीराचा भार तळहातावर यावा, कारण काखेत सतत दाब पडला तर तेथील नस दुखावून हात लुळा पडू शकतो. हाताची मूठ अशा उंचीवर असावी की उभे राहिल्यावर कोपर २० ते ३० अंश वाकलेले राहील. खुर्चीची बैठक नितंबांच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना मिळून सुमारे पाच सेंटिमीटर जास्त ठेवावी; बैठकीची खोली मोजताना गुडघ्याच्या मागच्या खोबणीपासून दोन-तीन बोटे जागा सोडावी. दाराची रुंदी, उंबरठ्याची उंची आणि न्हाणीचा कोपरा यांची मापे माणसाच्या मापांइतकीच महत्त्वाची आहेत. खुर्ची तयार होऊन दारात अडकलेली मी पाहिली आहे.

उतार करायचा असेल तर १ ला १२ हे प्रमाण पाळावे. १५ सेंटिमीटरच्या एका पायरीसाठी त्यामुळे १ मीटर ८० सेंटिमीटर लांबीचा उतार लागतो, आणि जोते दोन फूट असेल तर लांबी सात मीटरच्या पुढे जाते, जी गावठाणातल्या बोळात बसत नाही. अशा वेळी चढ वाढवण्याची तडजोड करू नये. मागच्या दाराने, जेथे जमीन उंच आहे तेथून वाट काढता येते का हे पाहावे.

मणक्याला इजा झालेल्या आणि कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या व्यक्तींच्या शरीराच्या काही भागांना स्पर्श आणि वेदना कळत नाहीत. ‘टोचते का?’ या प्रश्नाला त्यांचे ‘नाही’ हे उत्तर पुरावा मानता येत नाही. साधन वीस मिनिटे वापरल्यावर काढून त्वचा पाहावी. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर ते साधन त्या दिवशी पुन्हा लावू नये आणि दाबाची जागा बदलावी. बैठकीच्या शिवणीची गाठ, खिळ्याचे डोके, वेल्क्रोची खरखरीत कड असल्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींनी बैठकीच्या जखमा सुरू होतात आणि त्या महिनोन्‌महिने भरत नाहीत.

बोलकी पाटी

सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणे) असलेल्या, सर्व काही समजणाऱ्या पण बोलू न शकणाऱ्या मुलांसाठी दाबल्यावर बोलणाऱ्या कळांची पाटी हा विद्यार्थ्यांनी घेण्यासारखा उत्तम प्रकल्प आहे, पण त्याची सुरुवात विजेने करू नये. आधी पंधरा दिवस एका पुठ्ठ्यावर चार छायाचित्रे चिकटवून ती मुलाजवळ ठेवावीत. छायाचित्रे त्याच्याच घरातली असावीत : त्याचा तांब्या, त्याची चादर, त्याची आजी, दारातली शेळी. महाजालावरून उतरवलेला काचेचा पेला पाहून तांब्यातून पाणी पिणाऱ्या मुलाला पाणी आठवेलच असे नाही. मूल कोणत्या चित्राकडे पाहते, कोणता हात, गुडघा किंवा मान ते ठरवून हलवू शकते, हे या पंधरा दिवसांत कळते आणि कळ कोठे बसवायची हे त्यावरून ठरते.

यंत्रासाठी आर्डुइनो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड, डीएफप्लेअर मिनी हे ध्वनी वाजवणारे मॉड्यूल, मेमरी कार्ड, लहान स्पीकर आणि मोठ्या व्यासाच्या चार कळा एवढे पुरते. ५ व्होल्टचा बोर्ड असेल तर मॉड्यूलच्या आरएक्स (संदेश घेणाऱ्या) पिनकडे जाणाऱ्या तारेत १ किलोओहमचा रोध घालावा, म्हणजे स्पीकरमधील खरखर कमी होते. फायलींना क्रमांकाची नावे देऊन त्या कार्डावर एकेक करून क्रमानेच उतरवाव्यात, नाहीतर ‘पाणी’ दाबल्यावर ‘भूक’ ऐकू येते. स्नायूंच्या झटक्यामुळे मुलाचा हात कळेवर तीन-चारदा आपटू शकतो, म्हणून एकदा दाबल्यानंतर एक-दीड सेकंद पुढचे दाबणे दुर्लक्षित राहील असा प्रोग्राम लिहावा, आणि ही वेळ प्रत्येक मुलासाठी बदलता यावी. लाळ आत जाऊ नये म्हणून कळांवर जाड पारदर्शक रेक्झीन ताणून शिवावे. विजेसाठी पॉवर बँक वापरणारे गट बहुधा फसतात, कारण अनेक पॉवर बँका एवढा कमी विद्युतप्रवाह खेचणारे यंत्र जोडले की काही सेकंदांत स्वतःहून बंद होतात. संरक्षण-मंडलासह १८६५० या आकाराची लिथियम बॅटरी आणि टीपी४०५६ चार्जिंग मॉड्यूल अधिक विश्वासाचे आहे; व्होल्टेज बोर्डाला पुरेल एवढे वाढवण्याची सोय मात्र करावी.

आवाजाची गोष्ट मला सर्वांत जवळची वाटते. मराठवाड्यात अनेक घरांत मराठीबरोबर दखनी बोलली जाते, बंजारा तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते, आणि मराठी म्हणावी तर तीही पाठ्यपुस्तकातली नसते. यंत्रातून ‘मला तृष्णा लागली आहे’ असा निवेदिकेचा आवाज आला, तर ते मूल घरात पाहुण्यासारखे बोलते. त्याच वयाच्या चुलत भावाच्या किंवा शेजारच्या मुलीच्या आवाजात, घरात जसे बोलतात तसेच ध्वनिमुद्रण करावे. चार कळांपैकी एक ‘नको’ असावी. मुलाला काय हवे ते मोठ्यांना बहुधा ओळखता येते. नकार मात्र ऐकला जात नाही. एका मुलीने पाटी हातात आल्यावर पहिल्या दिवशी ‘नको’ एवढेच सतरा-अठरा वेळा दाबले, आणि तिच्या आईने प्रत्येक वेळी हातातला घास मागे घेतला.

ऊन, चिखल, पाणी

थ्रीडी प्रिंटरवर सर्रास वापरला जाणारा पीएलए हा प्लास्टिकचा प्रकार ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो. वैशाखात तापलेल्या पत्र्याला टेकलेली किंवा उन्हात उभ्या केलेल्या दुचाकीच्या डिकीत ठेवलेली वस्तू तेवढी तापू शकते. आमच्या एका गटाने केलेली पेन धरण्याची सुरेख मूठ पत्र्याच्या खोलीत, खिडकीच्या उन्हात ठेवल्यामुळे दुपारभरात केळ्यासारखी वाकली. पीईटीजी सुमारे ८० अंशांपर्यंत टिकतो, तो घ्यावा. त्याहून चांगले म्हणजे जिथे लाकूड, पाईप किंवा शिवणकाम चालेल तिथे प्रिंटर वापरूच नये. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, म्हणून उन्हाळ्यात ती पहाटे किंवा रात्री लावायची हे घरच्यांना समजावून सांगावे.

काळ्या मातीचा चिखल चाकाला असा चिकटतो की दहा पावलांत चाक आणि चिमटा यांच्यातली फट भरून जाते. ज्या साधनाला चाके आहेत त्यात ही फट किमान दोन बोटे ठेवावी आणि मडगार्ड काढता येईल असे करावे. बैठकीचे आच्छादन रेक्झीनचे केले तर पुसता येते, पण घामाने अंग शिजते. सुती केले तर धुवावे लागते, आणि २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले त्या भागात मोठी गादी वारंवार धुण्याचा सल्ला देणे बरोबर नाही. दोन पातळ सुती खोळी, आतल्या फोमवर प्लास्टिकचा थर, आणि खोळ एका बादलीत धुता येईल एवढीच, हा मध्यम मार्ग आम्हाला उपयोगी पडला आहे.

तपासणी आणि सुपूर्द करणे

ज्यावर माणसाचा भार येणार त्यावर आधी पोती ठेवावीत. सिमेंटचे पोते ५० किलोचे असते. साठ किलो वजनाच्या व्यक्तीच्या खुर्चीवर तीन पोती रात्रभर ठेवून सकाळी प्रत्येक वेल्डिंग चुना लावून पाहावे, म्हणजे केसासारखी भेग असली तरी दिसते. त्यानंतर गटातल्या सर्वांत वजनदार विद्यार्थ्याने बसून पाहावे आणि मगच ज्यांचे साधन आहे त्यांना बसवावे. ओल्या, साबण सांडलेल्या शहाबादी फरशीवरची चाचणी वगळू नये.

नटबोल्ट शक्यतो दोनच आकारांचे वापरावेत, म्हणजे १०-११ आणि १२-१३ च्या पान्यांवर सर्व साधन उघडते. हे दोन पाने प्रत्येक पंक्चरच्या दुकानात असतात. सायकलीचे छर्रे, ब्रेकची केबल, बाजारात मिळणारे कुबडीचे रबरी बूट असे गावात मिळणारे भाग निवडावेत. परदेशातून मागवलेला सुबक भाग बसवताना, तो तुटला तर या घरातून तो कोण आणि कसा मागवणार, हे स्वतःला विचारावे.

साधन देताना समारंभ टाळावा. हार-तुऱ्यांच्या कार्यक्रमात ते वापरून दाखवण्याची त्या व्यक्तीवर सक्ती होते, आणि शिकण्याची खरी वेळ निघून जाते. एक दिवस घरी थांबून त्यांच्याकडून आणि घरच्या दोघांकडून ते उघडणे, स्वच्छ करणे, बसवणे हे करून घ्यावे. सोबत मोठ्या अक्षरांतले एक पान द्यावे, ज्यावर चित्र, भागांची मापे, वापरलेल्या बोल्टांचे आकार आणि दुरुस्ती करू शकणाऱ्या गावातल्या कारागिराचे नाव असेल. वाचता येत नसेल तर तेच मोबाईलमध्ये बोलून द्यावे. साहित्याचा खर्च हाताबाहेरचा असेल तर ग्रामपंचायतीकडे विचारावे. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करणे अपेक्षित आहे, आणि अर्जासोबत खर्चाचे साधे अंदाजपत्रक जोडण्याचे काम विद्यार्थी सहज करू शकतात.

यानंतर आठवड्याने, महिन्याने आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा जावे. तोपर्यंत अंतिम वर्षाचा गट पुण्याला नोकरीला गेलेला असतो, म्हणून प्रत्येक गटात द्वितीय वर्षाचे दोन विद्यार्थी पहिल्यापासून असावेत आणि वही त्यांच्याकडे जावी. वहीत साधन किती दिवस वापरले आणि कोणत्या दिवशी का वापरले नाही, एवढेच लिहावे. मूल वाढते, आजार बदलतो, कधी घरात सून येते आणि काम वाटून जाते. साधन बाजूला पडले तर कारण नोंदवून ते परत आणावे आणि त्याचे भाग पुढच्या साधनाला वापरावेत. मावशींच्या पाटाचे खिळे दोनदा बदलले गेले. तिसऱ्या खेपेला आमचे विद्यार्थी गेले तेव्हा सुताराने ते आधीच बदललेले होते, आणि त्याच मापाचा आणखी एक पाट त्याने शेजारच्या गल्लीतल्या एका बाईंसाठी करून दिला होता.